लोकगीतांतील शिवराळ शब्द आणि अश्लीलतेची संकल्पना : हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

गीतात शिवी का येते, ती कोणाच्या तोंडी शोभते आणि कोणाच्या तोंडी खटकते, हे प्रश्न केवळ सदभिरुचीचे नाहीत. ते सामाजिक इतिहासाचेही आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात शिमग्याची गीते, बंजारा समाजातील लेंगी, लग्नातील थट्टागीते, तमाशातील लावणी आणि अलीकडची रॅपगीते यांतील शिवराळ शब्दांचा विचार हिंगोली जिल्हा व त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. 'अश्लील' ही मोहोर शब्दापेक्षा गाणाऱ्याच्या जातीवर, लिंगावर व गाण्याच्या स्थळावर अधिक अवलंबून राहिली, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : अश्लील, ग्राम्य, शिमगा, लेंगी, लावणी, जलसा, मराठवाडा, भारतीय दंड संहिता.

प्रस्तावना

मराठीत 'शिमगा गेला तरी कवित्व उरते' अशी एक म्हण आहे. आज ती कोणताही वाद संपल्यानंतरच्या उरल्यासुरल्या चर्चेला उद्देशून वापरली जाते. म्हणीतील 'कवित्व' हा शब्द मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. शिमग्यात जे अचकटविचकट रचले आणि गायले जाई, त्याला लोकभाषेने 'कवित्व' असेच नाव दिले. त्यात उपहास आहे, तशीच ती एक रचना आहे याची कबुलीही आहे. शिवी ही रागाच्या भरात सुटलेली वाफ असते, हे खरे. परंतु शिवी गाण्यात येते तेव्हा तिला ताल, यमक, प्रसंग आणि श्रोता लाभतो. अशी शिवी रचलेली असते, पाठ केलेली असते आणि एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आलेली असते. म्हणूनच ती इतिहासाच्या अभ्यासाचा विषय ठरते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ इतकी होती. मराठवाड्याच्या या टोकाला वाशीम व यवतमाळ हे विदर्भातील जिल्हे लागून आहेत. परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी, औंढा येथील नागनाथाचे प्राचीन मंदिर, हिंगोलीचा दीडशे वर्षांहून जुना दसरा महोत्सव, गावोगावचे बंजारा तांडे आणि कळमनुरी परिसरातील आंध आदिवासी वस्ती यांमुळे येथील गीतपरंपरा बहुस्तरीय आहे. भजनाची आणि शिमग्याची भाषा एकाच गावात, कित्येकदा एकाच माणसाच्या तोंडी नांदत आली आहे.

उद्दिष्टे

१) 'अश्लील', 'ग्राम्य' व 'शिवराळ' या संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
२) गीतातील शिवराळ शब्दांचे विधिगत व सामाजिक कार्य तपासणे.
३) मुंबई इलाखा आणि हैदराबाद संस्थान यांतील नियंत्रणाच्या भिन्न वाटचालीचा वेध घेणे.
४) महाविद्यालयीन स्तरावरील लोकगीत-संकलनासाठी काही दिशा सुचवणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित साहित्य, कायदे व न्यायनिवाडे यांवर आधारित आहे. विवेचनात कोणत्याही गीताची ओळ उद्धृत केलेली नाही.

१. संकल्पना : अश्लील, ग्राम्य आणि शिवराळ

संस्कृत काव्यशास्त्राने अश्लीलत्व हा काव्यदोष मानला. मम्मटाने त्याचे तीन प्रकार सांगितले : लज्जा उत्पन्न करणारा, किळस उत्पन्न करणारा आणि अमंगल सुचवणारा. म्हणजे मृत्यूसूचक शब्दही प्राचीन अर्थाने 'अश्लील' ठरू शकतो. आज आपण अश्लीलतेचा अर्थ लैंगिकतेपुरता आकसून घेतला आहे. या दोषाच्या शेजारीच 'ग्राम्य' हा दुसरा दोष येतो. ग्राम्य म्हणजे गावाकडचे, अनागर, असंस्कृत. शब्दाचा दोष आणि वस्तीचे नाव येथे एकरूप झाले आहे. खेड्यात बोलला जाणारा शब्द काव्यात आला की तो दोष ठरावा, ही धारणा शास्त्राच्या परिभाषेतच रुजलेली होती.

मराठी लोकव्यवहाराचे वर्गीकरण याहून सूक्ष्म आहे. 'चावट' बोलणे म्हणजे सूचक आणि हसवणारे. 'पाचकळ' म्हणजे निरर्थक व हलके. 'वाह्यात' म्हणजे मर्यादा सोडलेले. 'शिवराळ' म्हणजे शिव्यांनी भरलेले. 'बीभत्स' म्हणजे किळसवाणे. चावट गीतात एकही शिवी नसू शकते, आणि शिवराळ गीतात कामभाव मुळीच नसू शकतो. ही भेदरेषा पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. कारण कायद्याने आणि सुधारकांनी बहुतेक वेळा या साऱ्यांना 'अश्लील' या एकाच पोत्यात भरले.

भक्तिसाहित्य या दृष्टीने उद्बोधक आहे. नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई यांच्या नावावरील अभंगांत देवाशी भांडण आहे, त्याला बोल लावणे आहे. पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून समाजातील नाना स्तरांतील पात्रांना त्यांच्या बोलीसह उभे केले. त्यांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोन्ही पक्ष परस्परांची यथेच्छ निर्भर्त्सना करतात आणि अखेरीस समेटाला येतात. तुकोबांच्या गाथेत दांभिकांवर ओढलेले शब्दांचे आसूड आजच्या पाठ्यपुस्तकात सहज छापता येणार नाहीत असे आहेत. तरीही या साहित्याला कोणी अश्लील म्हणत नाही. उद्देशाच्या शुद्धतेमुळे शब्दाला अभय मिळाले. हेच अभय तमाशातल्या शाहिराला का मिळाले नाही, हा प्रश्न येथेच उभा राहतो.

२. शिमगा : परवानगीची शिवी

होळीच्या दिवसांत मोठ्याने बोंब मारणे व अर्वाच्य बोलणे यांस पुराणकथेचा आधार दिला जातो. रघुराजाच्या राज्यात लहान मुलांना पीडा देणाऱ्या ढुंढा राक्षसीला मुलांनी आरडाओरड व अर्वाच्य भाषण करून पळवून लावल्याची कथा भविष्यपुराणाच्या परंपरेत येते. म्हणजे शिवी ही येथे अरिष्टनिवारणाचे साधन आहे. एरवी तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकणे हे मृत्यूसमयीचे कृत्य. ते वर्षातून एकदा सणाचे अंग होते. अमंगलाचा उच्चार करून अमंगलाला घालवणे, हा या विधीचा गाभा होय.

या विधीचे सामाजिक कार्यही तितकेच महत्त्वाचे आहे. शिमग्याच्या गीतात गावातील कारभारी, सावकार, कंजूष, ढोंगी यांचा नावानिशी उद्धार होण्यास वाव असे. वर्षभर ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागे त्यांच्याविषयी एक दिवस मोकळे बोलता येई. मात्र या मोकळिकीलाही कुंपण होते. दुसऱ्या दिवशी गावगाडा पूर्ववत चालत असे. जातीच्या उतरंडीत खालच्या स्थानावर ठेवलेल्यांना हा शिवीचा अधिकार वरिष्ठांइतका निर्धोकपणे वापरता येत नसे. आणि शिव्यांचा शब्दसंग्रह पाहिला तर त्याचे अंतिम लक्ष्य बहुधा स्त्री हीच असते. भांडण दोन पुरुषांचे असते. उद्धार आईचा, बहिणीचा होतो. संस्कृत 'रण्डा' म्हणजे विधवा. त्यापासून आलेला 'रांड' हा शब्द एका अभागी सामाजिक अवस्थेचे नाव असताना शिवी बनला, ही घटनाच वैधव्याविषयीच्या समाजदृष्टीचा दस्तऐवज होय. त्यामुळे शिमग्याच्या शिवीला निव्वळ 'बंडखोरी' म्हणून गौरवणे इतिहासाला धरून होणार नाही.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्या सुधारकांनी होळीतील बीभत्स प्रकारांविरुद्ध प्रयत्न केले, ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागतात. स्त्रियांना त्या दिवशी रस्त्यावर निघणे कठीण व्हावे, हा सुधारकांच्या दृष्टीने अभिरुचीचा नव्हे, नागरिकत्वाचा प्रश्न होता. तो आजही पूर्णतः सुटलेला नाही. मुंबई पोलिसांकडून अलीकडच्या वर्षांतही होळीपूर्वी सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारण्यास व अश्लील गाणी म्हणण्यास मनाई करणारे आदेश निघाले आहेत.

३. तांड्यावरील लेंगी आणि लग्नातील थट्टा : स्त्रीच्या तोंडची शिवी

बंजारा समाजात होळी हा मोठा सण मानला जातो. होळीच्या कितीतरी दिवस आधीपासून तांड्यावर गोरबोलीतील लेंगी गीते सुरू होतात. वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा 'धुंड' हा विधी याच सणात होतो. धुंड आणि पुराणातील ढुंढा यांतील नामसादृश्य व दोन्हींतील बालकाचा संदर्भ लक्षणीय आहे. मात्र एवढ्यावरून थेट संबंध सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. लेंगीत देवस्तुती आहे, शृंगार आहे, दीर-भावजयीची थट्टा आहे, आणि परस्परांना उद्देशून झणझणीत शब्दही आहेत. स्त्रिया या खेळात प्रेक्षक नसतात. त्या गातात, उत्तर देतात आणि काठ्या घेऊन पुरुषांचा समाचारही घेतात.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे तांडे मोठ्या संख्येने आहेत, तेथे या परंपरेचे महत्त्व विशेष आहे. गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नाही. ती देवनागरीत लिहिली जाते. तिचे गीतवाङ्मय प्रामुख्याने कंठात आहे. लेंगीतील शिवी मराठीत उतरवली की तिचा सूर बदलतो. नात्यातल्या थट्टेचा शब्द अपमानाचा वाटू लागतो. वसाहतकालीन शासनाने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये अनेक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्या नजरेची सावली त्यांच्या भाषेवर आणि गाण्यावरही पडली. 'असभ्य लोकांची असभ्य गाणी' हे समीकरण त्या नजरेतून तयार झाले.

मराठीभाषक समाजातही स्त्रियांच्या तोंडी शिवी शोभणारे प्रसंग होते. लग्नात रुखवताच्या वेळी विहिणीची आणि व्याह्यांची गाण्यांतून व उखाण्यांतून केलेली टिंगल हा त्यांपैकी प्रमुख होय. वधूपक्ष हा त्या काळच्या व्यवहारात दबलेला पक्ष. मुलगी द्यायची, मानपान सांभाळायचा, रुसवे काढायचे. अशा वेळी वधूकडील स्त्रियांना वरपक्षाच्या वर्मावर बोट ठेवण्याची मुभा या गाण्यांनी दिली. शिमग्यात शिवीचे लक्ष्य स्त्री आहे; येथे शिवीची कर्ती स्त्री आहे. शब्द कदाचित तेच असतील, परंतु बाणाची दिशा उलटी आहे.

या गीतांची नोंद मात्र फारशी झाली नाही. साने गुरुजींच्या 'स्त्री जीवन' या संग्रहाने ओव्यांना मराठी वाङ्मयात मानाचे स्थान दिले. माहेर, भाऊ, बाळ आणि देव यांच्या मायेने ओथंबलेली स्त्री त्यातून घराघरांत पोहोचली. पुढे गी पॉइटवँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या, तेव्हा त्याच स्त्रीचा संताप, तक्रार आणि उपरोधही मोठ्या प्रमाणावर नोंदला गेला. संकलकाने काय गाळावे यावर एका समाजाच्या अर्ध्या भागाची प्रतिमा अवलंबून असते, हे या दोन टप्प्यांवरून ध्यानात येते.

४. लावणी, तमाशा आणि दोन राज्यांचे दोन न्याय

उत्तर पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर या शाहिरांनी लावणी वैभवास नेली. त्यात अध्यात्म आहे, कूट आहे, शृंगार आहे. कलगी-तुऱ्याच्या झगड्यांत प्रतिपक्षाला शब्दांनी नामोहरम करणे हे कौशल्यच मानले जाई. म. वा. धोंड यांनी 'मऱ्हाटी लावणी' या ग्रंथात लावणीचा वाङ्मयीन विचार साक्षेपाने मांडला. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळा प्रश्न विचारला : लावणीतील कामातुर स्त्री ही कोणाची कल्पना आहे? सादर करणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने दलित व कोल्हाटी समाजातील आणि आस्वादक सत्ताधारी पुरुष, अशा व्यवस्थेत त्या स्त्रियांची 'सदैव उपलब्ध' अशी प्रतिमा घडली व ती त्यांच्या शोषणाचे समर्थन ठरली, असे त्यांचे विवेचन आहे. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाने या व्यवस्थेची आतली बाजू मराठी वाचकापुढे ठेवली.

एकोणिसाव्या शतकात मुद्रण आले. अ‍ॅकवर्थ व शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पोवाड्याला इतिहासाचे साधन म्हणून प्रतिष्ठा लाभली. लावणी मात्र बराच काळ सभ्य घराच्या उंबऱ्याबाहेर राहिली. याच शतकात कायद्याने गाण्यातील शब्दाची दखल घेतली. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २९४ हे मुळात अश्लील गाणी व शब्दांसाठीच होते. १८९५ च्या दुरुस्तीने त्यात अश्लील कृत्यांची भर पडली. सार्वजनिक ठिकाणी वा त्याच्या जवळ, इतरांना त्रास होईल अशा रीतीने अश्लील गाणे म्हणणे हा त्यानुसार तीन महिन्यांपर्यंतच्या कारावासास पात्र अपराध ठरला. तरतुदीतील 'इतरांना त्रास' ही अट महत्त्वाची आहे. तिच्यामुळे शब्दाइतकेच श्रोत्याला, म्हणजे त्रास कोणाला झाला यालाही, महत्त्व आले.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. कलावंतांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर तमाशाला वाट मोकळी झाली. १९५४ मध्ये रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ अस्तित्वात आले.

येथे हिंगोलीचा संदर्भ निर्णायक ठरतो. मुंबई राज्यात हे घडत असताना हिंगोली हैदराबाद संस्थानात होती. तेथील निर्बंधांचा रोख वेगळा होता. सार्वजनिक सभांना पूर्वपरवानगी आवश्यक करणारी गश्ती क्रमांक ५३ ही प्रसिद्धच आहे. निझामी राजवटीला धास्ती वाटे ती राजकीय शब्दाची. संस्थानाची दंडविषयक संहिताही स्वतंत्र होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता या प्रदेशास लागू झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे पुण्या-साताऱ्याकडील तमाशा ज्या बंदीतून व सुधारणेतून गेला, ती बंदी ज्या वेळी आली त्या वेळी या भूमीवर तिचा अंमल नव्हता. 'महाराष्ट्रात तमाशावर बंदी आली' असे सरसकट विधान करणारा इतिहास मराठवाड्यापुरता तरी दुरुस्त करून घ्यावा लागतो. एकाच भाषेतील एकच लावणी राज्याच्या सीमेच्या एका बाजूस गुन्हा आणि दुसऱ्या बाजूस जत्रेतील करमणूक असू शकते, यावरून अश्लीलता ही शब्दात वसत नसून व्यवस्थेत ठरते, हे स्पष्ट होते.

५. स्वाभिमानासाठी त्याग : सत्यशोधकी व आंबेडकरी जलसे

शिवराळपणाला सर्वांत अर्थपूर्ण नकार राज्यसंस्थेकडून आला नाही. तो ज्यांच्यावर त्याचा भार होता त्यांच्याकडूनच आला. सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, परंतु त्यातील अचकटविचकट भाग टाकून तेथे सावकारशाही व भिक्षुकशाहीची चिकित्सा आणली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाचे 'लोकनाट्य' करताना गौळण वगळली आणि गणाच्या जागी मातृभूमी व लोकनायक यांना वंदन आणले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या पिढीने भीमगीत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत नेले. या परंपरेत शब्द धारदार आहे, प्रसंगी जहाल आहे. परंतु स्त्रीच्या देहावरून केलेला विनोद तिने जाणीवपूर्वक नाकारला.

या त्यागाचा अर्थ शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात सखोलपणे उलगडला आहे. 'अश्लील' ही मोहोर जातीशी कशी जखडलेली आहे आणि तमाशातील दलित स्त्रिया माणुसकीचा दावा कसा मांडतात, हा त्याचा विषय होय. एकीकडे समाजाच्या सन्मानासाठी तमाशा सोडा हा आग्रह, तर दुसरीकडे त्याच कलेवर पोट असलेल्या स्त्रियांचे जगणे, असा पेच त्यातून पुढे येतो. या पेचाला सोपे उत्तर नाही. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत शासकीय आश्रयाने लावणी महोत्सव भरतो. कलेला राजमान्यता मिळाली, हे निःसंशय. तथापि तिला वाहिलेल्या समाजांची प्रतिष्ठा त्याच प्रमाणात वाढली, असे म्हणता येत नाही.

६. चित्रपट, ध्वनिवर्धक आणि रॅप

१९७१ च्या 'सोंगाड्या'पासून दादा कोंडके यांनी द्वयर्थी गीताला रुपेरी पडद्यावर अफाट लोकप्रियता मिळवून दिली. त्यांच्या गीतांत शिवी जवळजवळ नसते. अर्थाची जबाबदारी ते श्रोत्याच्या मनावर टाकतात. म्हणूनच परिनिरीक्षकांची कात्री त्यांच्यापुढे वारंवार अडखळली. शिवराळपणा आणि चावटपणा यांतील वर सांगितलेला भेद येथे व्यवहारात दिसतो.

आजच्या रॅपगीतात याच्या उलट घडते. तेथे आडपडदा नाही. शिवी उघड असते आणि ती रागाची, वंचनेची खूण म्हणून येते. एप्रिल २०२३ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेल्या एका रॅपगीतातील शिव्यांवरून मोठा वाद झाला व पोलिसांत गुन्हा नोंद झाला. त्या वादात शब्दांइतकेच स्थळही आक्षेपार्ह ठरले. तेच गीत रस्त्याच्या कडेला चित्रित झाले असते तर कदाचित कोणी वळूनही पाहिले नसते. शिमग्याच्या शिवीला काळाचे कुंपण होते. मोबाईलवरील गीताला काळाचेही नाही आणि स्थळाचेही नाही. पूर्वी शिवी सणाबरोबर संपत असे; आता ती केव्हाही, कोणाच्याही कानी पुन्हा वाजवता येते. शिवीचा विधी संपला आणि शिवी उरली, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

न्यायालयांची भूमिकाही या काळात बदलत गेली. रणजित उदेशी प्रकरणात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडमधील १८६८ च्या हिक्लिन निवाड्यातील कसोटी काही फेरबदलांसह स्वीकारली होती. अविक सरकार प्रकरणात (२०१४) ती बाजूला ठेवून समकालीन समाजमानाची कसोटी मान्य केली. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचे प्रकरण तर मराठवाड्यातील लातूर येथील फौजदारी खटल्यातूनच वर गेले. मे २०१५ च्या निकालात न्यायालयाने थोर ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालण्याला काव्यस्वातंत्र्याचे सरसकट संरक्षण देण्यास नकार दिला. मार्च २०२४ मध्ये अपूर्वा अरोरा प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असा स्पष्ट निर्वाळा दिला. लोकभाषेने फार पूर्वी केलेला भेद न्यायव्यवस्थेने अशा रीतीने मान्य केला आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्यात अश्लील गीतांविषयीची तरतूद कलम २९६ मध्ये आली आहे.

यांखेरीज एक शिवी अशी आहे की जिला प्रदीर्घ काळ कोणी अश्लील मानले नाही. ती म्हणजे जातीच्या नावाने दिलेली शिवी. म्हणींत, गाण्यांत, विनोदांत ती राजरोस वावरली. १९८९ च्या अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्याने जाहीर जातिवाचक अवमानाला कठोर गुन्हा ठरवले. लैंगिक शब्दावर १८६० मध्येच आक्षेप घेतला गेला. जातिवाचक अवमानाला विशेष कायद्याने असे कठोर रूप मिळण्यास मात्र त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. सभ्य समाजाला कोणत्या शब्दाची लाज वाटते आणि कोणत्या शब्दाची वाटत नाही, याचे हे मोजमाप होय.

७. संकलनाचा प्रश्न

हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. लोकसाहित्य, समाजशास्त्र व इतिहास या विषयांच्या प्रकल्पांतून गीतांचे संकलन करणे येथे सहज शक्य आहे. अशा संकलनात शिवराळ ओळ आली की दोन मोह होतात. पहिला, ती गाळण्याचा. मराठी मुद्रणाने यासाठी 'फुल्या' रूढ केल्या. फुली शब्द झाकते, पण शब्द होता हे तरी सांगते. निमूटपणे गाळलेली ओळ तेवढेही सांगत नाही. दुसरा मोह, अशा ओळी कुतूहलाची वस्तू म्हणून मांडण्याचा. त्यात गाणारी स्त्री वा शाहीर पुन्हा एकदा उपहासाचा विषय बनतो. या दोहोंमधली वाट अशी सुचवता येईल :

अ) मूळ ध्वनिमुद्रण व संहिता संपूर्ण जतन करावी, प्रकाशनासाठीची निवड स्वतंत्रपणे करावी आणि गाळलेल्या जागा दर्शवाव्यात.
आ) गीतांचे वर्गीकरण 'अश्लील' अशा शीर्षाखाली न करता प्रसंगानुसार करावे. कोण गाते, कोणासमोर, केव्हा आणि कोणाला उद्देशून, याची नोंद शब्दाइतकीच आवश्यक आहे.
इ) लेंगीसारख्या गोरबोलीतील गीतांचे लेखन व भाषांतर त्या बोलीच्या भाषकांकडूनच तपासून घ्यावे.
ई) जातिवाचक अवमानाचे शब्द अभ्यासासाठी नोंदताना त्यांचा संदर्भ स्पष्ट करावा, त्यांचे मनोरंजनात्मक सादरीकरण टाळावे.
उ) गायकांची संमती घ्यावी आणि त्यांच्या इच्छेनुसार नावे गोपनीय ठेवावीत.

निष्कर्ष

१) शिवराळ, चावट व अश्लील या भिन्न कोटी असून त्यांची सरमिसळ केल्याने गीतपरंपरेचे चुकीचे आकलन होते.
२) शिमगा, लेंगी व लग्नातील थट्टागीते यांतील शिवी ही काळ, स्थळ व नाते यांच्या मर्यादेत बांधलेली होती. त्या मर्यादांतून सुटल्यावर तिचे कार्य बदलते.
३) शिवीचा रोख बहुधा स्त्रीवर असला तरी स्त्रियांनी गायिलेल्या गीतांत तो उलटवला जातो. ही गीते दुर्लक्षित राहणे ही स्त्री-इतिहासाची हानी आहे.
४) तमाशाबंदीचा इतिहास मुंबई राज्याचा आहे. हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याची वाटचाल निराळी असून तिचा स्वतंत्र अभ्यास आवश्यक आहे.
५) शिवराळपणाचा सर्वांत परिणामकारक त्याग सत्यशोधकी व आंबेडकरी जलशांनी स्वाभिमानाच्या प्रेरणेने केला. वरून लादलेल्या बंदीपेक्षा तो अधिक टिकाऊ ठरला.

समारोप

गीतातील शिवीचे समर्थन वा निषेध एका वाक्यात करता येत नाही. देवाशी भांडणारा भक्त, शिमग्यात बोंब मारणारा कुणबी, काठी घेऊन लेंगी गाणारी तांड्यावरील स्त्री, पोटासाठी बोर्डावर उभी राहिलेली तमाशातील कलावती आणि आजचा रॅप करणारा तरुण या सर्वांच्या तोंडी एकच शब्द आला, तरी तो एकच शब्द नसतो. बोलणाऱ्याच्या पायाखाली किती जमीन आहे, यावर त्याचे वजन ठरते. लेंगी, शिमग्याची कवने आणि विहिणीची गाणी जाणणारी पिढी मावळतीकडे झुकली आहे. तिच्या कंठातील गीते आपल्या सोयीच्या सभ्यतेची चाळणी लावून टिपली, तर हाती येईल तो आपलाच चेहरा. संपूर्ण टिपली, तर एका समाजाने रागाला, दुःखाला आणि हसण्याला कोठे व किती जागा दिली, हे पुढील अभ्यासकांना कळू शकेल. हे कार्य करण्यास स्थानिक महाविद्यालयाइतकी जवळची व सोयीची संस्था दुसरी नाही.